विहिरीखालचा ठोका

सासूबाईंची नव्वदी होती म्हणून, नाहीतर दानित्सा कालेब आपल्या धाकट्या दिरासमोर जेवायला बसली नसती. लुकोव्निक बेट ते केवढं. दिराच्या, म्हणजे फ्रानेच्या घरी कांदा तेलात पडला की वास हिच्या नाकात शिरायचा. पण नवरा शिमे गेल्यापासून, म्हणजे तीसेक वर्षांत, त्या घरचं मीठ तिने जिभेला लागू दिलं नव्हतं. नोना येलाचं, म्हणजे सासूबाईंचं, अंगण मात्र दोघांचं होतं. वैर फाटकाबाहेर ठेवून आत यायचं, असा नोनाचा दंडक होता आणि तो मोडायची कालेब घराण्यात कुणाची छाती नव्हती.

अंजिराच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. लोखंडी झाकणाखाली, निखाऱ्यांत, कोकराचं मांस सकाळपासून शिजत होतं. धाकटी जाऊ पेरिना झाकणावरची राख सारखी करायची आणि दर वेळी पायऱ्यांकडे बघायची.

"नव्वदी आजीची आणि नातवंडं पाण्यात! आमचा क्रेशो नाश्ताही न करता गेलाय. कशाला, तर ह्यांच्या लेकीच्या पिवळ्या डुकराला गुहेच्या तोंडाशी खुणा लावून द्यायला."

"डुक्कर नाही ते," दानित्सा म्हणाली. "उगोर नाव आहे त्याचं."

"वाम माशाचं नाव दिलं म्हणून डुकराची वाम होते का?"

फ्राने मिशीत हसला. नोनाही हसली. दानित्साला हसू आलं नाही, कारण मनातून तिलाही ते यंत्र डुकरासारखंच दिसायचं. लोडाएवढं लांब, पिवळंजर्द, दोन्ही कुशींना दोन-दोन पंखे, तोंडाच्या जागी काळी काच आणि तिच्यावर छोटा दिवा. तिच्या लेकीने, नेदाने, त्यात सहा वर्षं घातली होती. झाग्रेबात राहून ती पाण्याखाली आपलंआपण फिरणारी यंत्रं बनवायची. तार नाही, दोरी नाही, वर बसून चालवणारं कुणी नाही. एकदा पाण्यात सोडलं की कुठे वळायचं, कुठून मागे फिरायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं. यंदा ते तिने बेटावर आणलं होतं, बेटाखालून वाहणारं गोडं पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायला. म्हणजे मग उन्हाळ्यात जहाजाने येणाऱ्या पाण्याची वाट बघायला नको. असं ती सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. पण असलीच यंत्रं का बनवतेस, हे आईने लेकीला कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती.

पायऱ्यांवर नेदा दिसली. एकटीच. अंगातला काळा सूट कमरेपर्यंत सोलल्यासारखा लोंबत होता, पाय अनवाणी.

"काका," ती फ्रानेला म्हणाली. धाप लागली होती, पण आवाज चढला नव्हता. "क्रेशो आत अडकलाय. स्तुदेनाकमध्ये."

पेरिनाच्या हातातला चिमटा निखाऱ्यांत पडला.

"तोंडाशीच थांब म्हणाले होते. मी होडीत होते. खुणा लावून झाल्या आणि तो तसाच आत गेला. मग दोरी सैल झाली. ओढली तर तुटकी आली. आणि पाणी... लाल मातीचं पाणी बाहेर यायला लागलं, काका. भसाभसा. आत छत कोसळलंय. मुख्य भूमीवर फोन केलाय, गुहेत उतरणारं बचाव पथक निघतंय, पण हा दक्षिणेचा वारा. दुपार कलेपर्यंत ते पोचत नाहीत."

स्तुदेनाक हे नाव त्या अंगणात कुणी सहसा काढत नसे. गावाच्या पोटाखाली शिरलेली ती बुडीत गुहा. तिथेच फ्राने ऐन पंचविशीत स्पंज काढायला गेला आणि असाच गाळ उठल्याने आत कोंडला गेला. थोरला भाऊ शिमे, दानित्साचा नवरा, त्या आंधळ्या पाण्यात त्याला शोधायला शिरला. फ्रानेला आत हवेची एक पोकळी सापडली होती. एक दिवस-एक रात्र तो तिथे मान वर काढून बसला आणि पाणी निवळल्यावर आपल्या पायांनी बाहेर आला. शिमे आला नाही. आजतागायत नाही.

फ्राने उठून चालायलासुद्धा लागला होता. "माझ्या टाक्या भरलेल्या आहेत. दोन जास्तीच्या घेतो."

"नाही, काका." नेदा त्याच्या आडवी झाली.

"बाजूला हो, पोरी."

"आत हात दिसत नाही हाताला. तुम्ही त्याच्यापर्यंत पोचणार नाही."

"वाट मला पाठ आहे!"

"ती वाट राहिलीच नाही. छत पडलंय म्हणतेय मी. तुम्हाला पाठ आहे ती तीस वर्षांपूर्वीची."

तेव्हा पेरिना ओरडली. तिचं ओरडणं समोरच्या चर्चच्या भिंतीवर आपटून परत आलं. "तुझ्या खेळण्यापायी गेला माझा मुलगा! आणि आता त्याच्या बापालाही अडवतेस? समजतं मला. सगळं समजतं. तुझा बाप आमच्यामुळे गेला ना? आज वसूल करतेस!"

नेदाचा चेहरा पांढरा पडला. नोना तेवढी "पेरिना!" म्हणाली, पण हलक्या आवाजात.

त्या शांततेत दानित्साला तो आवाज आला.

ती विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. जुनी विहीर, वर लोखंडी जाळी. तळाशी मूठ जाईल न जाईल एवढी चीर आणि त्या चिरेतून पाझरणारं मचूळ पाणी. आवाज तिथून येत होता. टक् टक् टक्. मग थांबा. पुन्हा टक् टक् टक्.

"गप्प बसा," ती म्हणाली. "सगळे गप्प बसा जरा."

सगळे जाळीवर वाकले. तीन ठोके, थांबा, तीन ठोके. दगडावर धातू आपटल्यासारखे. स्पंज काढणाऱ्या घरात जन्मलेल्या किंवा नांदायला आलेल्या कुणालाही त्याचा अर्थ सांगावा लागला नसता. पितळी टोप घालून उतरायचे त्या काळापासून दोरीला दोन झटके म्हणजे ठीक आहे, तीन झटके म्हणजे अडकलोय.

फ्राने गुडघ्यांवर बसला. "तिथेच आहे तो," तो पुटपुटला. "मी होतो तिथेच. ती पोकळी ह्या विहिरीच्या खालीच येते." मग एकदम उठला. "जिवंत आहे. पेरिना, जिवंत आहे! मी चाललो."

"भावोजी, बसा."

हा शब्द दानित्साच्या तोंडून कसा निघाला, तिचं तिलाच कळलं नाही. इतक्या वर्षांत तिने त्याला कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती. फ्राने जागच्या जागी थबकला.

"एकजण आत बसलेला आणि दुसरा त्याच्यासाठी आंधळ्यासारखा शिरलेला, हे मी एकदा बघितलंय," ती म्हणाली. "आतला बाहेर आला. शिरलेला नाही आला. मी तुम्हाला जाऊ देणार नाही. माझी पोरगी जा म्हणेल तेव्हा जायचं."

"आणि तोवर काय करायचं, वहिनी? कोकरू खात बसायचं?"

"नेदा," दानित्सा लेकीकडे वळली, "तू सांग काय करायचं."

नेदाने आईकडे बघितलं. ती नजर पुढे कितीतरी दिवस दानित्साच्या लक्षात राहिली. लहानपणी पहिल्यांदा धक्क्यावरून उडी मारायच्या आधी ती अशीच बघायची.

"उगोरला पाठवायचं," नेदा म्हणाली. "गढूळ पाण्याचं त्याला काही नाही. तो डोळ्यांनी बघतच नाही. आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून ओळखतो, वटवाघळासारखा. त्याच्या पाठीवर बारीक दोरीचं रीळ बांधते. जाईल तिथे दोरी सोडत जाईल. तो क्रेशोपर्यंत पोचला की वाट सापडली. मग काका दोरी धरून जातील. तोपर्यंत कुणीही नाही."

"आणि त्याला काय माहीत माझा मुलगा कुठे आहे?" पेरिनाने विचारलं. आवाजातला विखार गेला नव्हता, पण तिने विचारलं होतं.

"अजून नाही माहीत. शिकवावं लागेल. तो गोड्या पाण्याच्या झऱ्याची घरघर ऐकत जातो. ती सोडून हे ठोके ऐकायला शिकवते. काकू, तुम्ही विहिरीशी बसा. ही पहार घ्या आणि जाळीवर ठोका. तसंच, तीन-तीन. तुम्ही थांबलात तर तोही थांबेल, आणि तो थांबला तर उगोरला काही ऐकू येणार नाही."

पेरिनाने पहार उचलली. पहिला ठोका तिने असा मारला की नोनाच्या पेल्यातली वाइन हिंदकळली. खालून उत्तर आलं. ती तशीच जमिनीवर फतकल मारून बसली आणि ठोकत राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिने हात सोडला नाही.

नेदाने टेबलावरची बशी सरकवली, तिथे लॅपटॉप उघडला आणि कामाला लागली. विहिरीत तिने एक छोटा काळा गोळा तारेने सोडला होता. तो कान होता म्हणे. त्याने टिपलेले ठोके पडद्यावर काट्यांसारखे उभे राहत होते. तिची बोटं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. शेजारी अर्धवट चिरलेला पाव, अंजिरं आणि आजीसाठी आणलेला केक. लेकीचं काम दानित्साने असं जवळून कधी पाहिलं नव्हतं. ती झाग्रेबला जायची तेव्हा नेदा तिला आपली प्रयोगशाळा दाखवायची, मोठा हौद दाखवायची, आणि दानित्सा 'छान आहे हो' म्हणून हौद धुतं कोण ते विचारायची. आज मात्र तिला दिसलं. शिमे जाळं असंच विणायचा. चारी बाजूंनी लोक बोलत असले तरी त्याच्या हातापुढे तेवढा एकच फास असायचा.

"किती वेळ, गं?" फ्राने मागे येरझाऱ्या घालत होता. अंगावर सूट चढवून झाला होता, पाठीवर टाकी होती. "ती हवा शिळी होते. मला माहीत आहे. डोकं जड होतं, मग झोप येते. आणि छत पडलं असेल तर पोकळी आणखी लहान झाली असेल."

"म्हणूनच बोलू नका, काका."

"दोनदा बोललो फक्त—"

"फ्राने," नोना म्हणाली, "ती कणीक मळतेय. मध्ये हात घालू नकोस."

काम झालं तेव्हा सावल्या अजून पायातच होत्या. फ्राने आणि नेदा अंगणातून यंत्र उचलून खालच्या खाडीत गेले. दानित्सा मागोमाग. गुहेचं तोंड कड्याच्या पायथ्याशी, पाण्याखाली. एरवी तिथे पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवं असायचं. आज विटेसारखं लाल झालं होतं. नेदा कंबरभर पाण्यात उभी राहिली, उगोरच्या पाठीवरचं रीळ तपासलं, दोरीचं एक टोक खडकाला बांधलं आणि हात सोडले. पंखे घुमले. पिवळी पाठ लाल पाण्यात विरली, आणि दोरी हळूहळू सुटू लागली.

"आता?" फ्रानेने विचारलं.

"आता काही नाही. पहिल्या वळणापलीकडे मला त्याचं काही कळत नाही. त्याचं त्याने करायचं."

उगोर लवकर परत आला. फार लवकर. तो वर आला तेव्हा फ्राने आनंदाने पाण्यात धावला, पण रीळ अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. नेदाने त्याला तार जोडली, पडद्यावर बघितलं आणि ओठ दाताखाली धरला.

"काय झालं?"

"वाट सापडलीय त्याला. ठोकेही ऐकलेत. पण छत पडलंय तिथे फट उरलीय, अगदी त्याच्या अंगाएवढी. तिथून तो मागे फिरला."

"का? मावत नाही?"

"मावतो. पण मीच त्याला तसं शिकवलंय." तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "परत यायची खात्री नसेल तर पुढे जायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. सगळ्यात आधी मी तोच लिहिला होता. सहा वर्षांपूर्वी, बाकी काहीही लिहायच्या आधी."

खाडीत वारा तेवढा वाजत होता. वरून, अंगणातून, पेरिनाचे ठोके ऐकू येत होते. दानित्साला यंत्रातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण एवढं कळलं. नऊ वर्षांच्या मुलीने ह्याच खडकावर उभं राहून बापाची वाट बघितली होती. मोठेपणी तिला पहिला नियम दुसरा कुठला सुचणार होता?

"तो काढता येतो का?" दानित्साने विचारलं.

"येतो."

"मग काढ."

"आई, अडकला तर तो गेलाच. परत दुसरा बांधायला..."

"बांधशील. तू बांधशील, नेदा. मला ठाऊक आहे."

नेदाने मान हलवली आणि खडकावर लॅपटॉप घेऊन बसली. ह्या वेळी फार टंकावं लागलं नाही. मग तिने यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवला, शर्यतीआधी घोड्याच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि ते दुसऱ्यांदा पाण्यात सोडलं.

ह्या खेपेला दोरी सुटत राहिली. जिथे मघाशी थांबली होती तिथे ती पुन्हा थांबली, एवढी की फ्रानेने डोळे मिटून घेतले. मग झटका बसला आणि ती पुढे सरकली. नेदा दोरीवर दोन बोटं ठेवून, गळ टाकून बसलेल्या कोळ्यासारखी निश्चल. दानित्सा आणि फ्राने एकाच खडकावर, मध्ये हातभर जागा ठेवून बसले. दुसरं बसायला काही नव्हतंच.

बऱ्याच वेळाने दानित्सा म्हणाली, "आत काय असतं, भावोजी?"

तीस वर्षांत हे त्याला तिने विचारलं नव्हतं. इतर सगळ्यांनी विचारलं होतं. बातमीदारांनी, पोलिसांनी, पाद्र्याने.

"अंधाराचं काही वाटत नाही," फ्राने पाण्याकडे बघत म्हणाला. "अंधाराची सवय होते. आपण आहोत हे कुणाला माहीत नाही, ते खातं माणसाला. मी ठोकलं नाही तेव्हा. विहीर वर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. नंतर अंतर मोजून बघितलं तेव्हा कळलं. मग मी क्रेशोला सांगून ठेवलं. तिकडे जायचं नाही, पण गेलासच तर ठोक." मग तो म्हणाला, "मी बाहेर आलो ना वहिनी, तुम्ही इथेच उभ्या होतात. मी पाण्यातून डोकं काढलं आणि तुम्ही बघितलंत. माझ्याकडे नाही. माझ्या मागे बघत होतात."

"हो," दानित्सा म्हणाली. "मागेच बघत होते."

"बघणारच. मीही वळून बघितलं होतं."

त्यांच्यामधली ती हातभर जागा मघासारखी राहिली नाही.

"थांबली," नेदा म्हणाली.

दोरी थांबली होती. दोरी ढिली पडली, मग ताणली गेली, मग पुन्हा ढिली. वरून पेरिनाचे ठोके येत होते, तीन-तीन. आणि अचानक नोनाची, नव्वद वर्षांच्या म्हातारीची हाक कड्यावरून खाली आली. अख्ख्या बेटाने ऐकली असेल. "दोन! आता दोन ठोकतोय! दोन!"

दोन म्हणजे ठीक आहे.

फ्राने दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. नेदाने मात्र दोरीवरची बोटं काढली नाहीत. "परत येऊ दे," ती एवढंच म्हणाली. "मला वाट बघायचीय त्याची."

ते आलं तेव्हा एक पंखा मोडला होता आणि कुशीवर लांबलचक ओरखडा होता. मानेला, म्हणजे जिथे मान असती तिथे, क्रेशोचं मनगटावरचं होकायंत्र बांधलेलं होतं. घट्ट गाठ मारून. नेदाने तार जोडली. पडद्यावर गुहा उमटली, बोटांच्या ठशासारख्या रेघारेघांची, वळणं, फट, त्यापलीकडची चढण, पोकळी. तिने फ्रानेला जवळ बसवून एकेक जागा दाखवली.

"इथे टाकी पाठीवरून काढून पुढे ढकलायची. इथे डावीकडे जाऊ नका, मोकळं वाटेल पण ते बंद आहे. दोरी क्रेशोने तिकडच्या टोकाला बांधलीय, मी ओढून बघितलं. हात सुटू द्यायचा नाही."

"नाही सुटणार."

"काका."

"काय?"

"आता जा."

तो गेला. किती वेळ गेला ते दानित्साने मोजलं नाही. तिने आयुष्यात ह्या पाण्याकडे बघत पुष्कळ वेळ मोजला होता. ह्या वेळी ती लेकीचा हात धरून बसली, आणि लेकीने तो धरू दिला. पथकाची बोट खाडीच्या तोंडाशी वळत होती तेव्हाच लाल पाण्यावर बुडबुडे आले, मग एक डोकं आणि त्याच्या शेजारी दुसरं. पाण्यातून वर येता येता फ्रानेने सगळ्यात आधी दानित्साकडे बघितलं आणि मुलाला पुढे केलं.

क्रेशोचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, ओठ निळे पडले होते आणि तो कुणालाही धड ओळखत नव्हता. पेरिना कड्यावरून खाली कशी आली हे कुणालाच सांगता आलं नाही. पहार अजून तिच्या हातात होती. ती मुलाकडे धावली नाही. त्याला पथकातले लोक बघत होते. ती नेदासमोर उभी राहिली. मग तिने पहार टाकली, दोन्ही हातांनी नेदाचं तोंड धरलं आणि कपाळाला कपाळ टेकवलं, इतक्या जोरात की दोघींनाही लागलं असेल.

क्रेशो दोन दिवस इस्पितळात होता. तिसऱ्या दिवशी खांदा बांधून, नेहमीसारखा वटवट करत परत आला. नव्वदी राहिलीच होती, म्हणून सगळे पुन्हा नोनाच्या स्वयंपाकघरात जमले.

जेवण झाल्यावर नेदा म्हणाली, "एक आहे. उगोरचा कान चालू होता आत. सगळं टिपलंय त्याने. मी ऐकलेलं नाही. क्रेशो, तुझं आहे ते. तू म्हणशील तर पुसून टाकते."

क्रेशोचे कान लाल झाले. "काय बोललो मला आठवतही नाही. लाव. लाव, घरचेच तर आहेत."

आधी नुसती पाण्याची घरघर. मग ठोके, दुरून येणारे, मग जवळ. मग काहीतरी घासल्याचा कर्कश आवाज. नेदाने डोळे मिटले. मग एकदम पोकळ, घुमणारी शांतता आणि थेंब पडल्याचा आवाज.

"कोण आहे?" क्रेशोचाच आवाज, पण म्हाताऱ्यासारखा. "कोण... ए! तू? उगोर?" आणि हसणं, जे पुढे हसणं राहिलं नाही. "एकटाच आलास? अरे गाढवा, एकटाच आलास? ...वर आई ठोकतेय ना? तीच. ठेका चुकतोय तिचा."

पेरिना रुमालाने तोंड दाबून हसली आणि रडली. नोनाने तिच्या मांडीवर थोपटलं.

दोरी बांधल्याची खसखस ऐकू आली. दोन ठोके, पुन्हा दोन. मग पंख्यांचा आवाज वाढला. यंत्र निघायला वळत होतं.

"थांब," आवाज म्हणाला. "थांब ना. एवढ्यात नको. दिवा... थोडा वेळ तरी थांब."

पंखे घुमत राहिले, जागच्या जागी.

"मी धरलं होतं त्याला," क्रेशो टेबलाकडे बघत म्हणाला. "दोन्ही हातांनी. ते ओढत होतं आणि मी सोडत नव्हतो. परत अंधार नको होता मला."

लॅपटॉपमध्ये बराच वेळ नुसते पंखे. मग खोल श्वास.

"जा," आवाज म्हणाला. "जा, बाबा. सांग त्यांना."

पाणी खळबळलं आणि पुढे ती जुनी घरघर. नेदाने ते बंद केलं.

फ्राने उठला आणि अंगणात गेला. दानित्साला खिडकीतून दिसत होतं. उगोर त्या दिवसापासून अंजिराखालीच होता, मीठ वाळून अंगावर पांढरी पुटं आलेली. फ्रानेने घरच्या पाण्याच्या टाकीतून गोडं पाणी काढलं, बेटावर भर उन्हाळ्यात कुणी कुत्र्यालाही जपून देतं ते पाणी, आणि बादली घेऊन यंत्राशी उकिडवा बसला. आपला सूट आणि नळ्या तो जशा धुवायचा, तसंच त्याने सुरुवात केली. आधी सांधे, मग कपारी, मग मोडलेल्या पंख्याची दांडी, बोटाने मीठ उकरून काढत.

दानित्साने खुंटीवरचं फडकं घेतलं. बाहेर जाऊन ती यंत्राच्या दुसऱ्या कुशीला बसली.

"बादली जरा इकडे सरकवा, भावोजी," ती म्हणाली. "ही बाजू मी करते."